उलटा माठ

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. एकदा तर मोबाईल सुताच्या गाठोड्यावर फेकून चहा प्यायला गेलो. परत आलो तर स्क्रीन कोरी, आणि ती उभी रेघ आपली लुकलुकत बसलेली. म्हटलं, लिही बे. तोंडानं सांगून झालंय, आता बोटांना काय झालंय?

मी वेणुगोपाल. सोलापूर, पूर्व भाग. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. दहावीनंतर मी शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते व्हिडिओ बघून आणि वस्तू मोडून. शब्द इकडंतिकडं होतील, चालवून घ्या. विज्ञान मात्र नीट सांगतो. ते एकदा चुकलंय, तेवढं बास.

आधी हवाकुंडी सांगतो.

आपोआप पाणी पिणारी कुंडी काही नवीन नाही. खाली पाण्याचा डबा, वर माती, मधून सुताची वात. दिव्याची वात तेल ओढते तशी ही पाणी ओढते आणि मुळं लागेल तेवढंच घेतात. वरून पाणी घालायचं नाही, त्यामुळे उन्हात उडून जात नाही. वाती मी टॉवेलच्या उरलेल्या सुताच्या वळायचो. आमच्या गल्लीत सुताला तोटा नाही, तोटा पाण्याला. नळ आठवड्यातून एकदा, तोही मनात आलं तर. मग खालचा डबा भरायचा कशानं?

त्याचं उत्तर म्हणजे ती भुकटी. दक्षिणेकडच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेनं तिची कृती नेटवर फुकट सोडून दिली होती. तुरटीच्या भावकीतलं एक मीठ, एक आंबट पूड, दोन्ही शिजवायचं, धुवायचं, भट्टीत वाळवायचं. होते ती पांढरी भुकटी, दिसायला पिठासारखी. आतून मधाच्या पोळ्यासारखी, कणाकणात भोकं. रात्री हवेतला ओलावा त्या भोकांत जाऊन बसतो. वैशाखात सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत असली तरी रात्री तिच्यात थोडं पाणी असतंच. सकाळी ऊन लागलं की भुकटी ते पाणी सोडते, वाफ खालच्या सावलीतल्या डब्यात उतरते, तिचे थेंब होतात. एका कुंडीला रात्रीत दीड लिटर. नळ नको, टँकर नको.

मी भुकटी पहिल्यांदा घरी केली तेव्हा आईची इडलीची दोन भांडी कामातून गेली. तिसऱ्या खेपेला जमली. डब्यात पहिला थेंब पडला ना, मी अख्ख्या गल्लीला गोळा करून दाखवला. लोक म्हणाले, येड्या, थेंब काय दाखवतोस. महिन्याभरानं त्याच लोकांना मी दोडका दाखवला.

मल्लिनाथ हत्तुरे माझा दोस्त. चड्डीतला. तेव्हा तो राजस्थानात सोलरच्या प्लांटवर कामाला होता. घरी त्याची आई एकटी. तिला सगळी गल्ली अव्वा म्हणते, मीपण. अव्वा कडक भाकरी करून विकायची. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. तिचा हात परातीत फिरायला लागला की पोरं बघत उभी राहायची.

मल्लूनं तिकडून फोन केला. "वेण्या, आमची गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी. लाव की तुझ्या कुंड्या. अव्वाला भाजी होईल, तुझी जाहिरात होईल."

"अव्वाला विचारलास का?"

"अव्वा काय म्हणणार? तू लाव. आणि बे, तिच्याकडं बघत जा जरा."

"बघतो की. तू काळजी करू नको."

हे मी बोललो होतो. माझ्याच तोंडानं.

साठ कुंड्या लावल्या. भेंडी, दोडका, वांगी, मिरची, आणि ऊन सोसणाऱ्या नव्या जातीचा टोमॅटो. सगळ्या कुंड्या एकमेकीला चिकटून ठेवल्या. कडक उन्हात झाडं जगवायची तर हीच युक्ती, एकीची सावली दुसरीला पडते. वरून हिरवी जाळी ताणली. भर दुपारी जाळीखाली गेलो की मळ्यात गेल्यासारखं वाटायचं. लोक बघायला यायचे. मी छाती काढून उभा राहायचो.

फक्त एक झालं. आमच्याकडं उन्हाळ्यात कुणी घरात झोपत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं, गाद्या टाकायच्या, गच्चीवरून गच्चीवर गप्पा मारत झोपायचं. स्लॅब दिवसभर तापतो, खोली रात्री भट्टी होते, म्हणून माणूस वर जातो. बापजाद्यांपासून चालत आलंय. अव्वाची जागा गच्चीच्या बरोबर मधे होती. तिथं आता माझ्या कुंड्या होत्या.

ती खाली झोपायला लागली.

एकदा सकाळी मी गच्चीवर जायला निघालो तर ती चुलीपाशी बसलेली, डोळे लाल.

"वेण्या, तुझी वांगी माझ्या गादीवर झोपलीत की रे."

"खाली फॅन आहे की अव्वा."

"आहे. पण फॅन वारा घालतोय का भाकरी शेकतोय, तेवढं कळंना झालंय मला."

मी हसलो. तीपण हसली. मग तिनं एक भाकरी, त्यावर शेंगांची चटणी, असं माझ्या हातावर ठेवलं आणि मी खात खात वर गेलो.

आता जे लिहितोय ते दोनदा पुसलेलं आहे.

वर टोमॅटोची फुलं गळत होती. सगळीच नाही. कडेच्या कुंड्यांना फळं लागलेली, मधल्यांना नुसते देठ. मला कारण माहीत होतं. टोमॅटो दिवसाचं ऊन एकवेळ सोसतो, पण रात्र गरम गेली की त्याचे परागकण मरतात आणि फूल गळतं. म्हणून मी तापमान टिपणारे दोन काटे आणले, एक कडेला लावला, एक मधे. दुसऱ्या दिवशी बघितलं. पहाटे कडेला एकोणतीस, मधे सदतीस.

एकाच गच्चीवर, एकाच वेळी, आठ अंशांचा फरक.

मी काय केलं? टोमॅटो कडेला नेले. त्यांच्या जागी मधे वांगी आणली, वांगं चिवट असतं. आठवड्यात टोमॅटोला फळं धरली. मी त्याचा व्हिडिओ टाकला, लोकांनी वाहवा केली.

टोमॅटोला रात्री उकडतंय हे मला कळलं. त्याच्या खाली वीतभर स्लॅबच्या पलीकडं एक माणूस झोपतंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. विसरलो असंही म्हणता येत नाही. विचारच केला नव्हता, तर विसरणार काय?

त्या वर्षी वैशाखात भोंगा रोज वाजायचा. उन्हाचा भोंगा तुमच्याकडंपण असेलच. अकराला वाजला की रस्ते रिकामे, पाचला वाजला की दारं उघडतात. सगळी काळजी दिवसाची. रात्रीचा भोंगा कुणी बसवलेला नाही.

एका सकाळी अव्वाच्या दारात भाकरीची गिऱ्हाइकं उभी होती आणि दार उघडेना. मला हाक मारली. मी बंद खिडकी फोडली, गज वाकवून आत हात घातला, दाराची कडी काढली. अव्वा पलंगावरून खाली पडलेली. अंगाला घाम नाही, कातडी कोरडी, हात लावला तर चटका बसावा अशी. कानडीत काहीतरी पुटपुटत होती. मला ओळखलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुपारी उन्हात गेल्या होत्या का?"

"नाही मॅडम. भोंगा वाजला की दार लावून आतच असते."

"घरात एवढा उष्माघात? पत्र्याचं घर आहे का?"

"स्लॅबचं आहे. वर झाडं आहेत की. गार असतं."

हे पण मीच बोललो. खोटं म्हणून नाही, खरं वाटत होतं म्हणून.

अव्वा वाचली. पण मेंदूचा मागचा भाग, जो तोल आणि हाताचा नेम सांभाळतो, तो तापानं होरपळला होता. जीभ जड झाली. हात कापायला लागले. पाण्याचा तांब्या उचलला तर निम्मं पाणी पदरावर. घरी आल्यावर हट्टानं परातीपुढं बसली. पिठाचा गोळा घेतला, थापायला हात उचलला, तो परातीच्या काठावर पडला. परत उचलला, परत काठावर. मग ती नुसतीच गोळ्याकडं बघत बसली.

मल्लू नोकरी सोडून आला. भाकरी तो करायला लागला.

"मल्ल्या," अव्वा अडखळत म्हणाली, "ही खायची... का... पंक्चर काढायला न्यायची?"

मल्लू पोट धरून हसला. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुवत राहिला.

गल्लीत सगळे म्हणत होते, ऊनच तसलं होतं. अव्वा म्हणायची, "मीच येडी. चोराच्या भ्यानं खिडकी लावून झोपत होते. माझंच चुकलं." दर दोन दिवसांनी म्हणायची. कुणी विचारलेलं नसताना.

मल्लू माझ्याबरोबर कुंड्यांच्या कामाला लागला. माझ्यापेक्षा चांगलं बोलतो तो. लोकांना सांगायचा, "माझी अव्वा बाजाराला जाऊ शकत नाही, पण वेणूच्या कुंड्यांमुळं आम्हाला घरबसल्या ताजी भाजी आहे." त्यावर लोक अव्वाकडं बघायचे, कुंड्यांकडं बघायचे, आणि आमच्याबी गच्चीवर लावा म्हणायचे. हिवाळा संपेपर्यंत वीस घरं तयार झाली. पाडव्याच्या आत सगळ्यांकडं लावून द्यायचं ठरलं.

माघात एक दिवस आम्ही दोघं भुकटी चाळत बसलो होतो. मल्लूनं माठातलं पाणी ओतून घेतलं, प्यायला, आणि म्हणाला, "वेण्या, एक विचारू? माठ गार कसा होतो?"

"पाणी झिरपतं, त्याची वाफ होते. वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. म्हणून आतलं पाणी गार."

"मग आपल्या कुंडीत वाफेचं पाणी होतंय. तिथं ती गरमी कुठं जाते बे?"

माझ्या हातातली चाळणी थांबली.

साधा प्रश्न होता. मी कधी विचारलाच नव्हता. मला पाणी मिळत होतं, मी पाणी मोजत होतो. एक लिटर वाफ भुकटीत शिरून पाणी झाली की विजेच्या पाऊण युनिटाएवढी उष्णता बाहेर पडते. साठ कुंड्या, नव्वद लिटर. म्हणजे सात-आठ इस्त्र्या रात्रभर चालू ठेवल्यासारखं. मोकळ्यावर असतं तर निम्मीशिम्मी वाऱ्यानं गेली असती, उरलेली आभाळात. पण मी कुंड्या चिकटवल्या होत्या, वारा अडवला होता. वरून जाळी ताणली होती, आभाळ झाकलं होतं. दिवसभर तापलेला स्लॅब ज्या वेळी निवायला बघतो, नेमक्या त्याच वेळी मी त्याला वरून शेक देत होतो. आणि स्लॅबखाली अव्वा.

मी उलटा माठ केला होता. वर पाणी, खाली जाळ.

"कुठं जाते?" मल्लूनं परत विचारलं.

"हवेत," मी म्हणालो. "उडून जाते."

"मग बरंय."

त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं प्रेमात पडलोय. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज अव्वा म्हणायची, खिडकी लावली, माझंच चुकलं. रोज मी भुकटी चाळायचो. मनातल्या मनात हिशोब करून बघायचो, की कदाचित कुंड्या नसत्या तरी ती पडली असती. त्या वर्षी किती माणसं पडली. असं म्हणत म्हणत फाल्गुन आला.

होळीनंतर पहिलं घर यल्लप्पामामांचं. मामा आणि मामी, दोघंच, दोघंही सत्तरीच्या पुढचे. आम्ही कुंड्या घेऊन वर चढलो तर मामा गच्चीवरची लोखंडी बाज उलटी करून तिचे पाय खोलत होते. मामी गाद्या गुंडाळत होत्या.

"अहो मामा, हे काय करायलाय?"

"तुमच्या भाजीला जागा करायलोय की. आम्ही काय, खाली झोपू. दोन महिन्यांचा तर प्रश्न."

मामींनी गादी डोक्यावर घेतली आणि एक-एक पायरी सांभाळत खाली उतरायला लागल्या.

"थांबा!" मी ओरडलो. एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "मामी, गादी वर आणा. कुंड्या नाही लावायच्या."

मामा पान्हा धरून बघत राहिले. मल्लूनं माझा दंड धरून मला जिन्यात ओढलं.

"काय झालं बे तुला?"

तिथं, जिन्यात उभं राहून सांगितलं. भुकटी, उष्णता, जाळी, स्लॅब. तो ऐकत होता.

"कधी कळलं तुला?"

"माघात. तू विचारलास तेव्हा."

"तू म्हणालास उडून जाते."

"हो."

"आणि त्याच्या आधी काहीच कळलं नव्हतं?"

इथं मी नाही म्हणू शकलो असतो. त्याला कधीच कळलं नसतं.

"काट्यावर बघितलं होतं. मधे सदतीस होतं पहाटे. अव्वा पडायच्या आधी."

"मग?"

"टोमॅटो हलवले."

"टोमॅटो हलवलेस."

"हो."

"टोमॅटो," मल्लू म्हणाला. मग खाली गेला. जाताना खालच्या पायरीवर परत एकदा तेच बोलला, हळू. त्यानं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि ते त्याला माहीत होतं.

मी यल्लप्पामामांची बाज परत जोडून दिली आणि थेट अव्वाकडं गेलो. मल्लू दारात बसलेला. त्यानं वाट दिली, पण बघितलं नाही.

"तिला तू सांग," एवढंच म्हणाला. "मी नाही सांगणार."

अव्वा पलंगावर बसून शेंगा सोलत होती. दहातल्या चार खाली पडत होत्या. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. भुकटीतलं तिला समजलं का माहीत नाही. म्हणून शेवटी सरळच म्हणालो, "अव्वा, तुझी खोली माझ्या कुंड्यांनी तापवली. उन्हानं नाही. आणि मला ते समजायला पाहिजे होतं, समजण्यासारखं होतं."

तिनं खिडकीकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे... खिडकीनं नाही?"

"नाही अव्वा."

"माझं... नाही चुकलं?"

"नाही."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. कापणारा हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला. "वर्ष होत आलं," ती म्हणाली, "मी रोज... त्या खिडकीला शिव्या घालतेय. स्वतःला घालतेय." आणि मग रडायला लागली. मी पाय धरायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले.

"जा आता," म्हणाली. "उद्या ये. आज नको."

तोपर्यंत मला वाटत होतं माझा एकच गुन्हा आहे. त्या दिवशी कळलं, गप्प राहण्याचा वेगळा आहे आणि तो रोज थोडा थोडा वाढत होता.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्यांच्या गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या उतरवल्या. जाळी काढली. गच्ची धुतली. मल्लू आला नाही, वर बघितलं नाही. वीस घरांना मी एकट्यानं जाऊन सांगितलं. कुणी शिव्या दिल्या. एकजण म्हणाला, तुला पोलिसात द्यायला पाहिजे. आणि निम्मे लोक म्हणाले, ते सगळं खरं, पण कुंड्या कधी लावतोस? भाजी पाहिजे, पाणी नाही, दुसरा उपाय काय? मनात एक उपाय होता. कुंड्या थोड्या लावायच्या, लांब लांब, नुसत्या कठड्याला, स्टँडवर, खालून वारा जाईल अशा, संध्याकाळी जाळी गुंडाळायची, झोपायची जागा मोकळी ठेवायची. कागदावर हे बरोबर आहे. पण कागदावर मागच्या वर्षीपण बरोबर होतं.

काल मल्लू आला. मागाच्या खोलीत, दुपारी, भोंगा वाजून गेल्यावर. उन्हातून आलेला, घामानं निथळत. पाणी दिलं, घेतलं नाही. सुताच्या गाठोड्यावर बसला.

"यल्लप्पामामा विचारायलेत. कठड्याच्या तर लावून देतोस का म्हणून."

"मी नाही लावणार. मला माझाच भरवसा नाही."

"मग काय, नुसता तोंड पाडून बसणार? त्यानं अव्वाचा हात थांबतोय का कापायचा?"

मी खाली पडलेलं सूत गोळा करायला लागलो.

"वेण्या, एक सांग. खरं सांग. त्या वर्षी अव्वाच्या खोलीत तू एकदा तरी झोपला होतास का? एक रात्र? आमच्या घरी लहानपणी शंभरदा झोपलास."

"नाही."

"दोन काटे लावलेस झाडांना. आत येऊन एकदा आडवा झाला असतास तर काटा लागला नसता."

माग बंद होते. वीज दुपारची जातेच.

"तू परत कुंड्या करणार," मल्लू म्हणाला. "मला माहीत आहे. गल्लीला पाहिजेत. मलापण पाहिजेत, खोटं कशाला बोलू. पण मी तुझ्याबरोबर येणार का नाही, ते तू आत्ता काय बोलतोस त्यावर आहे. सॉरी म्हणू नकोस. सॉरी झालं."

आधी खरंच जमेल का ते बघितलं मनात. मग बोललो. इथं लिहून ठेवतोय, म्हणजे पुसता येणार नाही.

"मल्ल्या, ज्या घरावर कुंड्या लावीन, त्या घरात लावल्यावर पहिल्यांदा मी झोपीन. वर नाही, खाली. त्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस जिथं झोपतं, तिथंच, त्याच्यासारखाच, खिडकी लावून. भर वैशाखात. आणि सकाळी उठून आधी तुला सांगीन, जसं वाटलं तसं. मला उकडलं, तर त्या घरावरची शेवटची कुंडी उतरेपर्यंत मी दुसऱ्या घरी जाणार नाही."